अठरावा छर्रा

शहाजीनं झाकणातले छर्रे तिसऱ्यांदा मोजले आणि तिसऱ्यांदाही ते सतराच भरले. सायकलच्या मागच्या चाकाला, मधल्या हबच्या एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ, असे अठरा छर्रे लागतात. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं हे सांगितलं असतं. बरणीतून त्यानं अठरा मोजूनच काढले होते. मग एक गेला कुठं?

त्यानं स्टूल हलवलं, टपरीखालच्या विटांपाशी बघितलं, खाली अंथरलेलं पोतं झटकलं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून ठेवलेलं होतं, ते त्यानं फरसबंदीच्या फटींतून ओढत नेलं. चुंबकाला एक गंजकी चकती आली, चेनची एक पिन आली. छर्रा आला नाही.

"काय हुडकताय?" त्याच्या बायकोनं, शालननं विचारलं. ती टपरीच्या पलीकडच्या अंगाला सोसायटीच्या भिंतीला टेकून लोकरीचा गोंडा विणत बसली होती.

"छर्रा. एक कमी भरतोय."

"बरणीतला दुसरा घ्या की मग."

"घेईन. पण हा गेला कुठं? कुणाच्या हबमध्ये गेला असला म्हणजे?"

शालननं गोंडा खाली ठेवला आणि ती उठून आली. जमिनीकडे न बघता तिनं त्याचा डावा हात मनगटाशी धरला.

"आधी ह्यो हात पुसा बगू. कोपरापतूर ग्रीस लावून घेतलंय."

तिनं फडकं घेऊन त्याचा तळवा पुसला, बोटांच्या बेचक्या पुसल्या. शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसतात तसं. शहाजीला त्याचा राग आला. रस्त्यावरून माणसं जात होती. त्यानं हात सोडवून घेतला. तोवर शालन खाली वाकली होती.

"ह्यो बगा. विटंपाशी हुता."

"तिथं मी आत्ताच बघितलं."

"नीट बगितलं नसंल," ती म्हणाली आणि छर्रा झाकणात टाकून परत आपल्या जागेवर जाऊन बसली.

चाक जागृतीचं होतं. जागृती दिवाळे गावची. पहाटे खाडीवर जे मिळेल ते घ्यायचं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फात भरायचं, खोकं कॅरियरला बांधायचं आणि जुईनगर, नेरुळच्या सोसायट्यांतून फिरायचं, असा तिचा धंदा. आदल्या रात्री फोनवर ऑर्डरी येतात, त्यामुळे तिला ओरडत हिंडावं लागत नाही. बर्फ मात्र वितळतोच. खाऱ्या पाण्याची धार खोक्यातून नेमकी मागच्या हबवर गळते. इतरांचे छर्रे दोन वर्षं चालतात तिथं तिचे सहा महिन्यांत बदलावे लागत. तेवढं दोघांनाही मान्य होतं.

या वेळी मात्र सहा महिने झाले नव्हते. माघात शहाजीनं हब नवं करून दिलं, ते बारा दिवसांत परत आलं. दुसऱ्यांदा केलं, ते नऊ दिवसांत. शालन तेव्हा भाच्याच्या लग्नाला साताऱ्याकडे गेली होती. काल जागृती तिसऱ्यांदा आली, तेव्हा शालन परतली होती आणि इथंच बसलेली होती.

"काका, पुन्ना वाजाय लागलंय," जागृती हसत म्हणाली होती. "गेटवरचा वॉचमन म्हनतो, तुला फोन कराला नको. सायकलच वरडत येते, मासं आलं मासं आलं. पानी लागतं ना, मना म्हाईत हाय. तुमी तरी काय करनार?"

पाणी नव्हतं ते. शहाजीनं हब उघडलं तेव्हाच त्याला कळलं. पाणी गेलं की छर्रे तांबूस होतात, ग्रीस दुधासारखं पांढरट होतं. इथं ग्रीस काळं होतं आणि कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर, वरवंटा टाकी लावून घ्यावा तसे बारीक खड्डे पडले होते. कोन जास्त आवळला की असंच होतं. आणि कोन आवळणारा दुसरा कोण होता?

हे काम डोळ्यांचं नाही. कोन सैल राहिला तर चाक डुगडुगतं, घट्ट झाला तर छर्रे दळले जातात. दोन्हींच्या मधली जी जागा असते, ती पाव आट्याएवढी, म्हणजे नटाच्या पाव फेऱ्याएवढीही नसते. चाक हवेत फिरवून बघितलं तर दोन्ही ठीकच वाटतात. माणूस वर बसला, पाठीवर ओझं आलं की मग खरं काय ते कळतं. म्हणून एक्सल, म्हणजे हबमधून जाणारा दांडा, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायचा, हळू फिरवायचा आणि ऐकायचं. ऐकायचं बोटांनी. आत खडा असला तर तो बोटाला लागतो. शहाजीच्या वस्तादानं त्याला हे कोरेगावच्या स्टँडसमोर शिकवलं होतं आणि आणखी एक सांगितलं होतं. हब बांधून झालं की त्याला लगेच बोट लावायचं नाही. आपणच केलेलं काम आपल्या हाताला त्या घडीला चांगलंच वाटतं. चाक टांगून ठेवायचं, जाऊन चहा प्यायचा आणि परत आल्यावर परक्याचं चाक असल्यासारखं बोट लावायचं. तीस वर्षं शहाजी हा नेम पाळत आला होता. नाक्यावरच्या चहावाल्याला तर शहाजी आला की जुईनगरात कुणाचं तरी हब झालं, हे न सांगता समजे.

पण बोटांना आता काही लागत नव्हतं.

सुरुवात कधी झाली ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. आधी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. चहाचा ग्लास ओठाला लावल्यावर तो गरम असल्याचं कळायचं. गेल्या पावसाळ्यात घरी त्यानं तवा उचलून बाजूला ठेवला, आणि बोटाला फोड आल्याचं शालननं दाखवलं तेव्हा त्याला दिसलं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा गेल्यात, पथ्य पाळा म्हणजे आणखी जाणार नाहीत. गेल्या त्या परत येतील का, असं शहाजीनं विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. घरी येऊन त्यानं शालनला एवढंच सांगितलं की थोडी साखर निघालीय. बोटांचं तो बोलला नाही. काम तर चालू होतं, चाकं परत येत नव्हती. बोट गेलं तरी मनगटाला अंदाज असतो, तीस वर्षांची सवय कुठं जाईल, असं तो स्वतःला समजावत राहिला. पण माघ आला आणि चाकं परत यायला लागली. जागृतीचं दोनदा, शाळेतल्या एका शिपायाचं, दिघ्याहून कामाला येणाऱ्या एका फिटरचं.

त्यानं आज एक-एक छर्रा चिमट्यानं ग्रीसमध्ये बसवला. बोटांवर त्याचा भरवसा राहिला नव्हता. एक्सल घातला, नवा कोन फिरवला, चपटा पाना लावून आवळला आणि अंदाजानं थोडा मागे घेतला. मग कोन जागचा हलू नये म्हणून त्यावर चेकनट घट्ट केला. मनगट काय सांगतंय ते त्यानं मन लावून ऐकलं. मनगट काहीच सांगत नव्हतं.

"शालन."

"आं?"

"हे चाक परत आलं की टपरी बंद. गावाकडं जायचं."

शालननं मान वर केली नाही. तिच्या हातात तांबडी आणि पिवळी लोकर होती. हबभोवती सैल बसेल असा गोंड्यांचा गोल ती विणते. चाक फिरलं की तो गोल हबवर घासत राहतो आणि धूळपाणी पुसलं जातं. पूर्वी सगळ्या सायकलींना असे गोल असायचे. आता विकत मिळत नाहीत, म्हणून शहाजीनं बांधलेल्या प्रत्येक चाकाला शालन आपल्या हातचा गोल घालून देते. लोक नको म्हणत नाहीत. तुर्भ्याच्या धान्यबाजारात अठरा वर्षं गहू-तांदूळ निवडण्याचं काम करून गुडघे गेले, तेव्हापासून ती रोज डबा घेऊन इथं येते आणि संध्याकाळी त्याच्याबरोबरच घरी जाते.

"गावाकडं जाऊन काय करनार?" तिनं विचारलं.

"बसून राहणार. दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्यापेक्षा ते बरं. भर रस्त्यात चाक जाम झालं, पोरगी पडली, वरून ट्रक गेला, मग?"

"आसं वंगाळ बोलू नगा."

 सायकलींवर नावं घालायचा पांढरा रंग आणि बारीक ब्रश त्यानं काढला आणि चेकनटावरून एक्सलच्या टोकावर जाईल अशी केसाएवढी रेघ ओढली. कोन वाटेत आपोआप फिरतोय की तो आपणच चुकीचा आवळतोय, हे त्याला एकदाचं कळायला हवं होतं. चाक परत आलं आणि रेघ सरळच असली, तर दोष हाताचा. मग वाद घालायला जागा राहणार नव्हती.

त्यानं चाक हुकाला टांगलं, पाना खिळ्याला अडकवला आणि तो चहाला गेला. परत आला तेव्हा गोंड्यांचा तांबडा-पिवळा गोल हबवर चढलेला होता. त्यानं एक्सल बोटांत धरून फिरवला. लाकूड फिरवल्यासारखं वाटलं. दुपारी जागृती आली, सायकल घेऊन गेली.

नवव्या दिवशी ती आली नाही. बाराव्या दिवशी आली नाही. शहाजी पंक्चर काढायचा, ब्रेकचे रबर बदलायचा आणि रस्त्याच्या टोकाला सायकल दिसली की हातातलं काम सोडून बघत बसायचा. एकदा ती समोरूनच गेली, हात हलवून. तो कान देऊन उभा राहिला. गोंड्यांच्या फरफरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. हात गेला नाही अजून, असं त्याला वाटलं. माघात मध्येच काहीतरी बिघडलं असेल, थंडीनं झालं असेल, आता परत जमायला लागलंय.

महिन्यानं जागृती आली ती टायर बदलायला.

"चाक कसंय?" त्यानं आधी तेच विचारलं.

"एकदम मक्खन, काका. लय हलकी चालते. आये म्हनते, नवी घेतली का काय सायकल? टायर तेवढा गेलाय बगा. तासाभरानं येते."

ती पिशव्या घेऊन सोसायटीत गेली. शहाजीनं चाक सोडवलं आणि टायर काढण्याआधी फडक्यानं एक्सलचं टोक पुसलं. आपलं काम टिकलेलं बघायची माणसाला हौस असते. पांढरी रेघ सरळ दिसेल या खात्रीनं त्यानं चष्मा लावला.

रेघ तुटलेली होती. एक्सलवरचा तुकडा वर होता, चेकनटावरचा बाजूला सरकलेला, पाव आटा मागे.

आधी त्याला वाटलं, नट सैल पडला. त्यानं चपटा पाना लावून बघितला. नट दगडासारखा घट्ट होता. आपोआप फिरलेला नट असा घट्ट राहत नाही. कुणीतरी तो सोडवला होता, कोन पाव आटा सैल केला होता आणि पुन्हा नीट आवळला होता. दुसऱ्या मेकॅनिककडं ही गेली असेल का? गेली असती तर जागृतीनं सांगितलं असतं, तिच्या पोटात काही राहत नाही. शिवाय तिथं तरी चपटा पाना कुठला? आजकालची दुकानं सगळं हब बदलतात, कोनला कुणी हात लावत नाही.

तो पाना परत अडकवायला उठला आणि खिळ्यापाशी थांबला.

त्या पान्याचं तोंड जरा वाकडं आहे. शहाजी तो अडकवतो तेव्हा तोंड डावीकडे राहतं, हात तसाच जातो. पण कितीदा तरी चहाहून परत आल्यावर तोंड उजवीकडे असायचं. आपणच गडबडीत उलटा अडकवला, वय झालं, असं म्हणून तो पाना नीट करून ठेवायचा. आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून.

शालन डावरी आहे. लग्नानंतर सासूनं तिचा तो हात किती वेळा फटकारला होता. भाकरी मात्र ती डाव्या हातानंच थापते.

शहाजी पाना हातात घेऊन उभाच राहिला. लग्न होऊन मुंबईला आलेली, वीस वर्षांची शालन त्याला आठवली. एका रिकाम्या दुपारी त्यानं हौसेनं तिच्या बोटांत एक्सल दिला होता. बघ, काही लागतंय का? तिनं डोळे मिटले होते. "खडा हाय," ती म्हणाली होती. "तांदळात आसतो तसा." त्यानं हब उघडून बघितलं तर एका छर्र्याचा टवका उडालेला होता. दोघं खूप हसले होते. मग तो ते विसरून गेला.

"शालन," त्यानं विचारलं, "माघात तू गावाला किती दिवस होतीस?"

"तीन हप्तं. का वं?"

"काही नाही. सहज."

तीन आठवडे. तेवढ्याच तीन आठवड्यांत बांधलेली चाकं परत आली होती. त्याच्या आधीचं एकही नाही, त्याच्या नंतरचं एकही नाही. शहाजी स्टुलावर बसला. त्याला वाटत होतं की हात माघात गेला. हात माघात गेला नव्हता. तो कधीच गेला होता, दीड वर्षापूर्वी, दोन वर्षांपूर्वी, आणि शहाजी मात्र रोज चहा पिऊन येऊन ऐटीत एक्सल फिरवत होता. लोक म्हणत होते, शहाजीचा हात म्हणजे हात, आणि तो मान डोलावत होता. त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली इतकं दुःख होतं की त्याला रस्त्याकडे बघवेना.

त्यानं आपला डावा हात उलटा करून बघितला. तळव्यावरच्या रेषांत ग्रीस बसलेलं होतं. त्याला तो अठरावा छर्रा आठवला. शालन आधी जमिनीकडे वळलीच नव्हती. आधी तिनं त्याचा हात धरला होता, बेचक्या पुसल्या होत्या आणि मग ती खाली वाकली होती. छर्रा विटांपाशी नव्हताच. तो त्याच्या बोटांच्या बेचकीत चिकटला होता आणि त्याला कळलं नव्हतं.

आणि ती पांढरी रेघ? तांदळातला खडा जिला दिसतो तिला ती दिसली नसेल, असं कसं म्हणावं? रेघ तुटली की आपण सापडणार, हे तिला कळलं असणार. तरी तिनं पाना लावला होता.

तो टायरला लागला. जुना काढला, नवा चढवला, हवा भरली. शालन सरकत आली आणि खराब झालेला गोल कापून नवा घालू लागली, हिरवा आणि तांबडा. तिची बोटं हबवरून फिरत होती. तो बघत होता, ती वर बघत नव्हती. जागृती आली, घाईत सायकल घेऊन गेली.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर शहाजीनं दिघ्याच्या फिटरचं चाक घेतलं. माघात बिघडलेलं ते चाक तेव्हापासून तसंच पडून होतं. त्यानं जुने छर्रे झाकणात ओतले, कोन पुसले, वाट्यांत ग्रीस भरलं. नवे अठरा मोजले, चिमट्यानं नऊ बसवले, नऊ बसवले. कोन आवळला, अंदाजानं मागे घेतला, चेकनट घट्ट केला. रेघ ओढली नाही.

चाक हुकाला टांगून तो खिळ्यापाशी गेला. पाना नेहमीसारखा अडकवायला हात वर गेला होता, तो त्यानं खाली घेतला. पाना उलटा केला आणि तोंड उजवीकडे येईल असा अडकवला. मग टपरीबाहेर येऊन पायांत चपला घातल्या.

"चहा घेऊन येतो."

शालननं खिळ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग लोकरीचं टोक दातानं तोडलं.

"बिनसाखरेचा घ्या," ती म्हणाली.

नाक्यावर त्यानं बिनसाखरेचा चहा मागवला. ग्लास दोन्ही हातांत धरून उभा राहिला. ओठाला लावल्यावर तो गरम असल्याचं त्याला कळलं. चहा संपला तरी तो निघाला नाही, आणखी एक सांगितला. चहावाल्यानं विचारलं, आज काय विशेष? शहाजी म्हणाला, आजचं चाक अवघड आहे.

परत आला तेव्हा हबवर नवा गोल होता आणि शालन भिंतीला टेकून पुढचा विणत होती. पाना खिळ्याला होता. तोंड डावीकडे होतं, तीस वर्षं शहाजी अडकवत आला होता तसं.

तो थोडा वेळ पान्यासमोर उभा राहिला. मग त्यानं चाक उतरवलं, मांडीवर घेतलं, एक्सल अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला आणि डोळे मिटून हळूहळू फिरवला. बोटांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. त्यानं तो पुन्हा फिरवला, आणि पुन्हा. शालनच्या हातातली लोकर थांबली होती.

"जमलंय," तो म्हणाला.